‘ज्युरासिक पार्क’ कादंबरी केळीच्या बागेत बसून वाचली (रहस्यभेद आहे)

हतनूरकाठ (रावेर)

चित्रपट सगळ्यांनीच पाहिलाय, त्यामुळे कादंबरी वाचायची राहून गेली, असं माझ्यासारखं बऱ्याच जणांचं झालं असेल. १९९४ मध्ये तो हिंदीत डब होऊन आला तेव्हा मी पाचवीत होतो. मामांनी भुसावळला नेऊन दाखवला होता. पुढे कित्येक दिवस नाल्याकाठी ओल्या मातीत कुणाचंही पाऊल दिसलं तरी मी थांबून बघायचो.

यंदा उन्हाळ्यात पुतणीने पुण्याहून येताना मायकेल क्रायटनची मूळ इंग्रजी कादंबरी आणली. १९९० ची. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं. शब्दकोश शेजारी ठेवला आणि रात्रीच्या वीजपाळीत मोटारीपाशी बसून थोडी थोडी वाचत गेलो. दोन महिने लागले. वाचून झाल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

चित्रपटात नसलेला एक प्रसंग कादंबरीच्या मधोमध आहे. मला विचाराल तर सगळी कादंबरी त्या एका प्रसंगावर उभी आहे. एका कंपनीने बेटावर जिवंत डायनासोर बनवून ठेवलेत आणि ते संगणक मोजतो. जागोजागी कॅमेरे आणि हालचाल टिपणारी यंत्रं लावलेली आहेत, आणि दर वेळी आकडा बरोबर येतो: अपेक्षित २३८, सापडले २३८. नियंत्रण कक्षातले लोक निश्चिंत असतात. माल्कम हा गणिती त्यांना म्हणतो, आता २३९ शोधायला सांगा. संगणक २३९ शोधून दाखवतो. आकडा वाढवत वाढवत ३०० शोधायला सांगतात, तेव्हा तो २९२ वर थांबतो. वेलोसिरॅप्टर, म्हणजे चपळ शिकारी डायनासोर, आठ असायला हवेत, निघतात सदतीस.

मोजणी खोटी नव्हती. अपेक्षित आकडा गाठला की संगणक मोजायचं थांबवत होता. ही व्यवस्था ज्यांनी लिहिली त्यांना प्राणी मरतील, पळतील, कमी होतील याचीच धास्ती होती. वाढतील हे कुणाच्या मनातही आलं नाही, कारण सगळ्या माद्याच तयार केल्या होत्या.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. पुढे वाचवेना.

कारण हे मी केलेलं आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. केळीची मृगबाग होती (जून-जुलैची लागवड), एक हेक्टर, दीड बाय दीड मीटरवर टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, ४,४४४ रोपं. लागवडीनंतर महिनाभराने नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली. त्यानंतर दर आठवड्याला मी ओळी मोजायचो आणि वहीत लिहायचो: उभी ४,४४४, मेलेलं शून्य. त्या वर्षी पाऊस लागून राहिला होता, रोज झिमझिम, ऊन नाहीच. आकडा भरतोय म्हणून मी खूश. पानांवरचे पिवळे पट्टे मी पाहिले होते, पण नीट बघितले नाहीत. वाटलं, पाणी जास्त झालंय, फेरसची कमतरता असेल. पट्टेवाली रोपं उभी होती, म्हणजे माझ्या वहीत ती ‘आहेत’ या रकान्यात होती.

तो सीएमव्ही (ककुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू होता, आमच्याकडे बरेच जण हरण्या म्हणतात. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. त्यावर औषध नाही, रोप उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करणं एवढंच हातात असतं. आणि पहिल्या दहा-पंधरा रोपांवर दिसतो तेव्हाच उपटलं तर उपयोग. मी ओळखला तोवर सहाशेच्या वर रोपं गेली होती. माझ्या वहीतला आकडा मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत बरोबर होता.

त्या बेटावरच्या इंजिनिअरला, अर्नोल्डला, बाकीचे वाचक मूर्ख ठरवतील. मला तसं म्हणवत नाही. त्याने मन लावून, रोज, न चुकता मोजलं.

अजून दोन गोष्टी लिहितो. पहिली, आजारी स्टेगोसॉरसची. (चित्रपटात ट्रायसेराटॉप्स घेतलाय आणि त्याच्या आजाराचा उलगडा करतच नाहीत.) दर सहा आठवड्यांनी त्या जनावराला विषबाधा होते. जवळ विषारी फळांची झुडपं आहेत, पण शेणात बी सापडत नाही, म्हणजे ते फळं खात नाही. मग होतं कसं? कोंबडी जशी खडे गिळते तसं हे जनावर अन्न भरडायला दगड गिळतं. दगड झिजले की टाकून देतं आणि नवे उचलतं, आणि उचलताना खाली पडलेली फळं सोबत पोटात जातात. ते झुडूप कोणतं? इंग्रजीत वेस्ट इंडियन लायलॅक. शब्दकोशात मिळालं नाही, पुतणीने फोनवर शोधून दिलं: मेलिया अझेडाराक, म्हणजे आपलं बकाणनिंब! माझ्या बांधावर दोन झाडं आहेत. बकऱ्यांना आम्ही तिथे बांधत नाही, आजोबांपासूनची शिस्त आहे. त्या बेटावर इतके शास्त्रज्ञ, पण बांध माहीत असलेलं एकही माणूस नव्हतं.

दुसरी गोष्ट शेवटाची. बरेच जण म्हणतात की कादंबरीचा शेवट लांबलाय. वीज परत आली, मुलं वाचली, तिथेच संपायला हवी होती. जीवाश्म खोदणारा शास्त्रज्ञ ग्रँट उगाच वकिलाला आणि सहकारी एलीला घेऊन रॅप्टरच्या बिळात उतरतो. मला ते प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तो तिथे शिकारीला जात नाही. फुटलेली अंडी मोजायला जातो. किती जन्मली आणि किती बेटाबाहेर गेली, हे त्याशिवाय कळणार नाही. संगणकाने मोजून झाल्यावर शेवटी माणसाला गुडघ्यावर बसून, हाताने, वासात आणि अंधारात मोजावं लागतं.

कच्चे दुवेही आहेत. माणसं कागदी आहेत. माल्कम जखमी होऊन मॉर्फिनवर पडल्यापासून पानंच्या पानं व्याख्यान देतो, तिथे माझा वेग मंदावला. तरी कुणी वाचली असेल तर सांगा, तुम्हाला काय वाटलं?

---

पांढरं_सोनं (धरणगाव)

भाऊ, वाचली नव्हती, पण तुमचं लिहिलेलं वाचून मुलाकडून मागवली आणि चार दिवसांत संपवली. मी कापूसवाला, म्हणून माझ्या डोळ्यांना दुसरंच दिसलं.

त्या बेटावर प्राण्यांना दोन कुलुपं लावलेली आहेत. एक, सगळ्या माद्या, म्हणजे पैदास नाही. दुसरं, लायसीन हे द्रव्य त्यांना शरीरात बनवता येऊ नये अशी रचना केलेली. रोज गोळी मिळाली नाही तर मरतील. एक निसटलं तर दुसरं आहेच, असा हिशेब. पहिलं कुलूप बेडकाच्या डीएनएमुळे उघडतं, कारण काही बेडूक गरज पडली की लिंग बदलतात. दुसरं कसं उघडतं, तर पळालेले प्राणी लायसीन भरपूर असलेलंच खात सुटतात: सोयाबीन, शेंगा, कोंबड्या.

आमच्याकडे बीटी कापसाचं बियाणं (बोंडअळीला मारणारं जीन घातलेलं) २००२ ला आलं. २००६ ला दोन जीनवालं आलं. तेव्हा हेच सांगितलं होतं, एक जीन अळीने पचवलं तर दुसरं आहेच. त्या पाकिटासोबत एक लहान पाकीट यायचं, १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं, कडेने लावायला. त्यामागचा विचार असा की कडेच्या साध्या कापसावर साध्या अळ्या जगू द्यायच्या. बीटी पचवलेली एखादी अळी निघालीच तर तिच्या पतंगाला जोडीदार साधा मिळेल आणि पचवायची ताकद पुढच्या पिढीत पातळ होईल.

आम्ही ते लहान पाकीट फेकून द्यायचो. माझ्या गावात लावलेलं मी तरी पाहिलं नाही. ‘अळीसाठी कशाला ओळ सोडायची’ असं मीच चारचौघांत बोललेलो आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलं. बोंड बाहेरून हिरवंगार, वेचायला गेलं की आत सरकी खाल्लेली आणि रुई किडकी. बाहेरून झाड मोजलं तर पूर्ण, बोंडंही पूर्ण. तुमच्या वहीसारखंच.

आता कामगंध सापळे लावतो, मादीच्या वासाने नर पतंग आत ओढणारे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारायचं, असा नियम आहे. रोज सकाळी सापळा उघडून बोटाने मोजतो. बायको म्हणते, पूजेसारखं करता.

---

परीक्षानळी (जळगाव)

धागा आवडला, पण मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ही कादंबरी मी तीनदा वाचलीय. उत्कंठेच्या बाबतीत तिला तोड नाही. पण विज्ञानाच्या बाबतीत ती अन्याय करते, आणि वाचक तो अन्याय खरा मानून घरी नेतो. माझ्या वर्गातली मुलं दर वर्षी हेच घेऊन येतात.

लायसीनचं कुलूप घ्या. कुठलाच पृष्ठवंशी प्राणी लायसीन स्वतः बनवत नाही. तुम्ही, मी, कोंबडी, सगळे ते अन्नातूनच घेतो. म्हणजे त्या कंपनीने काहीच केलं नाही असं म्हणावं लागेल! इतकी मूलभूत चूक बेटावरच्या एकाही शास्त्रज्ञाच्या लक्षात येऊ नये, हे पटत नाही.

दुसरं, अंबरातल्या (दगडासारख्या झालेल्या डिंकातल्या) डासाचं, ज्याच्या पोटातल्या रक्तातून कादंबरीत डायनासोरचा डीएनए काढतात. नव्वदच्या दशकात अंबरातून कोट्यवधी वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाल्याचे दावे खरोखरच झाले होते, पण इतरांनी पुन्हा करून पाहिले तेव्हा टिकले नाहीत. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या १५८ हाडांवर अभ्यास झाला. त्या हाडांमध्ये दर ५२१ वर्षांनी डीएनएचे निम्मे दुवे तुटतात असं निघालं. अगदी गोठणबिंदूच्या खालच्या थंडीतही ६८ लाख वर्षांत एकही दुवा उरणार नाही. डायनासोर जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. आजवर वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांचा. बस, तिथेच थांबतं.

तिसरा मुद्दा मला लागतो. हतनूरकाठ दादा, तुम्ही टिश्यूकल्चरच्या रोपांचा उल्लेख ओघात केलात, पण वाचणाऱ्याला वाटेल की प्रयोगशाळेतूनच रोग आला. चांगल्या प्रयोगशाळेत मातृवृक्षाची विषाणूंसाठी आधी तपासणी होते आणि मगच त्याचा कंद आत घेतात. ठरावीक फेऱ्यांपेक्षा जास्त वेळा वाढवत नाहीत, कारण फेऱ्या वाढल्या की वेगळीच, खुजी किंवा चट्ट्याची रोपं निघायला लागतात. सीएमव्ही बहुतेकदा शेतात येतो: बांधावरच्या तणातून, शेजारच्या काकडी-भोपळ्यातून, माव्याबरोबर. पूर्वी शेजाऱ्याच्या बागेतून मुनवे (केळीची पिल्लं) आणून लावायचो, तेव्हा त्यासोबत सूत्रकृमी, सोंडकिडा, सगळं घरी यायचं. टिश्यूकल्चरने ते थांबवलं. हे श्रेय त्या शास्त्राला मिळालंच पाहिजे.

---

हतनूरकाठ

ताई, तुमचं तिसरं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या बागेत रोग शेतातूनच आला. शेजारच्या पट्टीत आमच्याच घरची काकडी होती, तीही मीच लावली होती. रोपवाटिकेचा दोष नव्हता, हे आधीच लिहायला हवं होतं.

लायसीनची गोष्ट मला माहीत नव्हती. वाचून आधी वाईट वाटलं, मग आणखी विचार केला. तुम्ही म्हणता तसं ते कुलूप मुळात कुलूपच नव्हतं. पण बेटावरचे सगळे त्याच्या भरवशावर झोपत होते. लेखकाची चूक असेलही, वाचणाऱ्याच्या अंगावर काटा मात्र त्याहून मोठा येतो.

आणि मी कादंबरी विज्ञानाविरुद्ध आहे असं वाचलं नाही. वू नावाचा जो शास्त्रज्ञ आहे ना, ज्याने हे प्राणी बनवले, तो मालकाकडे जाऊन सांगतो की हे फार चपळ आहेत, पुढची आवृत्ती काढू, ४.४, थोडी मंद, सांभाळायला सोपी. मालक हॅमंड ऐकत नाही, त्याला ‘खरे’ डायनासोर हवे असतात. तेव्हा वू सांगायचा प्रयत्न करतो की हे खरे नाहीतच, भूतकाळ परत आलेला नाही, आपण काहीतरी नवं बनवलंय. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. आमची श्रीमंती, बसराई, आता ग्रँड नैन, याही आवृत्त्याच की. जंगली केळीत बिया असतात. आपलं केळं गुणसूत्रांच्या तीन संचांचं, निर्बीज, म्हणून सगळी बाग एकाच झाडाच्या फांद्या असल्यासारखी. लॅटिन अमेरिकेत ग्रो मिशेल नावाचं केळं याच एकसारखेपणामुळे पनामा रोगाने (मातीतल्या बुरशीने) बसलं आणि त्याच्या जागी कॅव्हेंडिश आलं. आमचं ग्रँड नैन त्याच घराण्यातलं. आता त्या रोगाचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाच धरतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. माती लागलेल्या बुटातूनही तो पसरतो. म्हणून बाहेरची केळी भरायची गाडी आली तर मी ती शेतात घेत नाही, रस्त्यावर उभी करतो. हे मला शास्त्रज्ञांनीच शिकवलंय.

---

रात्रपाळी (भुसावळ)

माझं मत वेगळं पडेल, तरी लिहितो. मी रेल्वेत आहे, ड्युटीच्या मधल्या वेळात वाचतो. मला चित्रपट जास्त आवडतो, आणि का ते सांगतो.

चित्रपटातला हॅमंड म्हातारा आहे, चुकलेला आहे, पण त्याने नातवंडांसाठी स्वप्न पाहिलंय. शेवटी तो हेलिकॉप्टरकडे जाताना मागे वळून बघतो, तिथे माझ्या पोटात कालवतं. कादंबरीतला हॅमंड नुसता लोभी. टी-रेक्सचा आवाज आला म्हणून घाबरतो, पाय मुरगळतो, टेकडीवर पडतो आणि कॉम्पी नावाचे छोटे छोटे डायनासोर त्याला संपवतात. तो टी-रेक्सचा आवाजही खरा नव्हता, नातवंडं ध्वनिक्षेपकाशी खेळत होती. शेवटपर्यंत तो मनात दुसऱ्यांनाच दोष देत असतो. माणूस असा सपाट झाला की त्याच्या मरणाचं काहीच वाटत नाही. धडा देण्यासाठी मारल्यासारखं वाटतं.

आणि मुलांना घेऊन ग्रँट नदीतून जातो तो भाग मला फार लांबलेला वाटला. धोका, सुटका, धोका, सुटका.

---

अमळनेरनी_पोर

हतनूरकाठ भाऊ, भलतं भारी लिखं तुम्ही. मी बी हाई पुस्तक वाचेल शे, पन मना ध्यानमा मोजनी नही, लाईट राहिनी. आते मराठीमा लिखस, बठ्ठास्ले समजी.

माझं औषधांचं दुकान आहे. कादंबरीत नेड्री नावाचा प्रोग्रामर भ्रूण चोरायला सगळी व्यवस्था बंद पाडतो. अर्नोल्ड शेवटी सगळं बंद करून पुन्हा सुरू करतो. पडदे उजळतात, दिवे लागतात, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आणि काही तासांनी लक्षात येतं की हे सगळं राखीव विजेवर चालू आहे. मुख्य वीज सुरू झालेलीच नाही. राखीव वीज कुंपणाला पुरत नाही, म्हणजे पहाटेपासून रॅप्टरच्या कोठाराच्या कुंपणात करंट नव्हता. आणि राखीव इंधनही संपत आलेलं.

हे वाचताना मी उठून दुकानात गेले होते, रात्री साडेअकराला. कारण एका मे महिन्यात माझ्याकडे असंच झालं होतं. आमच्याकडची वीज रात्री गेली, इन्व्हर्टर लागला. सकाळी कामावरच्या मुलाने दुकान उघडलं, दिवे चालू, पंखा चालू, वीज आहे असं धरून चालला. त्यात एमसीबी पडलेला होता. गल्लीत वीज आली होती, आमच्या दुकानात नव्हती. दुपारी इन्व्हर्टरने मान टाकली तेव्हा कळलं, आणि फ्रीज तर इन्व्हर्टरवर नव्हताच. इन्सुलिन ठेवायचं असतं दोन ते आठ अंशांत. रात्रीपासून फ्रीज बंद, बाहेर चव्वेचाळीस. आतली सगळी इन्सुलिन आणि टिटॅनसची इंजेक्शनं नाशाला काढली. एकही बाटली विकली नाही, हे सांगायला मला अजून बरं वाटतं. आता फ्रीजच्या आत थर्मामीटर आहे आणि सकाळ-संध्याकाळ आकडा मी स्वतः वहीत लिहिते. दिवा लागलेला दिसला म्हणून वीज आहे असं मानत नाही.

रात्रपाळी दादा, हॅमंडचं तुमचं पटतं. पण माझी मोठी तक्रार त्याच्या नातीची, लेक्सची आहे. कादंबरीत ती धाकटी आहे आणि सगळीकडे नुसती कुरकुर, खोकला, भूक. संगणकाचं सगळं काम भाऊ टिम करतो. चित्रपटाने वयं उलटी केली, तिला मोठी केली आणि संगणक तिच्या हातात दिला. लहानपणी तो प्रसंग पाहून मी संगणकाच्या क्लासला नाव घातलं होतं. कादंबरी आधी वाचली असती तर कदाचित घातलं नसतं. एली मात्र कादंबरीत खूप भारी आहे. पोहण्याच्या तलावाशेजारी शोभेसाठी लावलेलं नेचं विषारी आहे हे तिलाच दिसतं. बाकीच्यांना ते फक्त जुन्या काळातलं दिसतं म्हणून आवडलेलं असतं.

---

सातपुडापल्याड (शिरपूर)

उशिरा आलो. कादंबरीवर सगळं बोलून झालंय. मी एक जवळची गोष्ट जोडतो.

शिरपूरहून सेंधव्याकडे घाट चढला की मध्य प्रदेश. पुढे नर्मदा ओलांडली की धार जिल्हा. त्या जिल्ह्यात बाग-कुक्षी भागात डायनासोरची अंडी आहेत. कल्पना नव्हे, खरीच. २०२३ मध्ये तिथल्या अभ्यासाची माहिती प्रसिद्ध झाली: ९२ घरटी, २५६ अंडी, टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची. आणि आपण ज्या काळ्या दगडावर, काळ्या मातीवर उभे आहोत, तो दख्खनचा लाव्हा त्याच काळाच्या शेवटी वाहिला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांमागे. माझ्या विहिरीत साठ फुटांपर्यंत तोच काळा पत्थर लागतो.

मला लिहायचंय ते पाडल्या गावाचं. तिथे गोल दगड शेतात निघायचे. लोक ते ‘काकड भैरव’ म्हणून पुजायचे, शेताची आणि गुरांची राखण करणारा देव. पिढ्यान्‌पिढ्या नारळ फोडले. मग अभ्यासक आले आणि म्हणाले, ही अंडी आहेत. मी बातमी वाचली तेव्हा काही जण त्या गावकऱ्यांना हसत होते. मला हसू आलं नाही. त्यांनी ते दगड जपले, फोडून बांध घातला नाही. शहरातल्या माणसाला ते नुसते धोंडे दिसले असते. भाऊंच्या कादंबरीतल्या संगणकापुढे ठेवले असते तर त्याने मोजलेच नसते.

दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन बागच्या बाजूला जाऊन आलो. एक घरटं पाहिलं. अंडी नारळापेक्षा थोडी लहान, दगडात रुतलेली, एकमेकांना लागून. मुलगा म्हणाला, पप्पा, फुटलेली किती आणि न फुटलेली किती? आम्ही तिथे अर्धा तास उकिडवे बसून मोजत होतो.

---

परीक्षानळी

सातपुडापल्याड दादा, हे माहीत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन जाते.

थोडं मागे घेते. पहिल्या प्रतिसादात मी कादंबरी अन्याय करते असं लिहिलं. काल रात्री कॉम्पींच्या उंचीच्या आलेखाचं प्रकरण पुन्हा काढलं. हा आलेख बघून माल्कमला पहिला संशय येतो. प्राणी तीन तुकड्यांत, मधे काही महिने सोडून बेटावर सोडले होते. मग उंचीच्या आलेखाला तीन टोकं हवीत. आलेखाला एकच टोक आहे, छान गोल घंटेसारखा, जसा निसर्गात वाढणाऱ्या कळपाचा असतो. नियंत्रण कक्षातले लोक त्याच आलेखाकडे अभिमानाने बोट दाखवत असतात, किती निरोगी प्राणी आहेत बघा म्हणून. मी हे यंदा वर्गात सांख्यिकी शिकवताना घेणार आहे. आधी नुसता आलेख दाखवीन, मग तीन तुकड्यांची गोष्ट सांगीन आणि विचारीन, काय चुकतंय? हे लिहिणारा माणूस विज्ञानाचा शत्रू नसावा.

पांढरं सोनं काका, तुम्ही लहान पाकिटाबद्दल जे लिहिलंत ते माझ्या विद्यार्थ्यांसमोर येऊन सांगाल का? त्यातली निम्मी मुलं कापूसवाल्यांच्याच घरची आहेत.

---

पांढरं_सोनं

येईन ताई. वेचणी सुरू व्हायच्या आधी बोलवा. पाकीट जपून ठेवलंय एक जुनं, तेही आणीन.

---

हतनूरकाठ

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी दादांनी हॅमंडबद्दल लिहिलं ते खरं आहे, कादंबरीत तो माणूस म्हणून उभा राहत नाही. नदीच्या भागाबद्दल मात्र मी अडून बसेन. तापीला पूर असताना मी एकदा काठाकाठाने सात किलोमीटर चालत आलोय. धोका-सुटका-धोका असाच तो रस्ता होता.

अमळनेरच्या ताई, पुस्तक पुन्हा वाचायचं असेल तर पुतणीचं वाचून झालंय, मी एसटीतून पाठवतो. समासात शब्दांचे अर्थ पेन्सिलीने लिहिलेत, ते चालवून घ्या.

आजच्या मोजणीचं सांगतो. गेले अकरा दिवस पाऊस लागून आहे, अगदी त्या वर्षीसारखा. आता माझ्या वहीत तीन रकाने आहेत: उभी, मेलेली आणि ‘शंका’. सकाळी सहाला निघालो, पुतणी छत्री घेऊन सोबत होती. ती एका ओळीत, मी शेजारच्या ओळीत, आणि शेवटी पोहोचलो की ओळी बदलायच्या. म्हणजे प्रत्येक झाड दोघांनी बघायचं. ४,४४४ पैकी शंकेची माझी पाच निघाली, तिची आठ. तिची तीन मला दिसलीच नव्हती, पोंग्याच्या (गुंडाळलेल्या कोवळ्या पानाच्या) आत अगदी बारीक पिवळी रेघ होती. आठही उपटली, पोत्यात बांधून बाहेर नेली आणि खड्ड्यात पुरली. काकडी यंदा लावलेली नाही. बांधावरचं तण काढायला उद्या दोन माणसं येताहेत.

परवा पुन्हा मोजू. या वेळी पूर्वेकडून सुरुवात करायची असं तिने ठरवलंय, उजेड पानांवर समोरून पडतो म्हणे.